सरकारी रोपांना पाणी पाजल्याबद्दल

मोजणीकाकांना मोजायची सवय नोकरीने लावली, की मोजायच्या सवयीने नोकरी लावली, यावर वनखात्याच्या त्या छोट्या कचेरीत दोन मतं होती. काकूंचं मत तिसरं होतं, आणि लग्नाच्या तिसऱ्या दिवसापासून त्या ते मांडत आल्या होत्या. "हा माणूस पाळण्याची लांबी-रुंदी विचारून मगच जन्माला आला असणार."

त्यांच्या घरात कुठलीच गोष्ट नुसती नव्हती. दारापासून नळ चौदा पावलं, पलंगापासून खिडकी साडेतीन. चहा सहा मिनिटांत होतो, काकूंचा राग चाळीस मिनिटांत उतरतो; माहेरचा विषय निघालेला असेल तर मात्र आकडा भरवशाचा नाही. लेक लहान असताना दर रविवारी काका तिला दाराच्या चौकटीला टेकवून उभी करायचे आणि डोक्यावर पेन्सिलीने रेघ मारायचे. नऊ वर्षांची झाल्यावर तिने कमरेवर हात ठेवून सांगितलं, "बाबा, मी झाड नाहीये." काकांना ते पटलं. त्यांनी दर रविवारऐवजी महिन्याच्या पहिल्या तारखेला मोजायला सुरुवात केली.

हुद्द्याने ते वनरक्षक. चौकी जंगलाच्या तोंडाशी, घर चौकीला लागून. डोंगराच्या उतारावरचं ते जंगल मुख्यतः एकाच जातीच्या झाडावर उभं होतं. पुस्तकात त्या झाडाला लांबलचक नाव होतं. लोक त्याला छत्री म्हणत, कारण ते तसंच दिसायचं. एकोणीस वर्षांपूर्वी कुणा दूरदृष्टीच्या अधिकाऱ्याने या उतारावर दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद असे चाळीस चौकोन आखून घेतले. चारी कोपऱ्यांना लोखंडी खुंट्या, आत उगवलेल्या छत्रीच्या प्रत्येक रोपाशी नंबराचा पत्र्याचा बिल्ला. दर वर्षी कोरडा ऋतू संपता संपता जायचं आणि बघायचं, जिवंत किती, मेली किती, वाढली किती. कागद भरायचा, सही करायची, कचेरीत द्यायचा. पुढे त्या अधिकाऱ्याची बदली झाली आणि दूरदृष्टीही त्याच्या सामानाबरोबर गेली. चौकोन आणि मोजणीकाका तेवढे मागे राहिले.

काकांनी एकही वर्ष चुकवलं नाही. ताप असताना गेले, लेकीच्या लग्नाच्या आदल्या दिवशी गेले. कागद कचेरीतल्या लोखंडी कपाटात जायचे. तिथे त्यांचे वाचक दोनच, कसर आणि दमट हवा. एका साहेबांनी एकदा चुकून गठ्ठा उघडला, पण त्यांना पंख्याच्या दुरुस्तीचं बिल हवं होतं.

हे सगळं सांगायचं कारण असं, की पुढे जे घडलं त्यात काकांचा अंदाज फक्त एकाच ठिकाणी चुकला. हे कागद कधीच कुणी वाचणार नाही, असं ते धरून चालले होते.

अकरा वर्षांपूर्वी कोरडा ऋतू लांबला होता. हातात कागद घेऊन काका चौकोनामागून चौकोन फिरत होते आणि बिल्ल्याच्या नंबरापुढे 'मृत' लिहीत होते. मृत, मृत, मृत. दहा चौकोनांत दीडशेच्या वर वेळा तोच शब्द. अकराव्या चौकोनात सातव्या नंबरचं रोप अजून उभं होतं. वीतभर उंची, दोन पानं, तीही मिटायला आलेली. काका टेकले, पाण्याची बाटली काढली, दोन घोट प्यायले. बाटली तोंडाला लावलेली असताना त्यांची आणि त्या रोपाची नजरानजर झाली असं ते पुढे काकूंना सांगत. काकू म्हणत, रोपाला डोळे नसतात. काका म्हणत, तू तिथे नव्हतीस.

उरलेलं पाणी त्यांनी रोपाच्या बुंध्याशी ओतलं. एकाला दिलं की बाकीच्यांची तोंडं दिसायला लागतात, हे घरात लेकरं असलेल्या कुणालाही सांगायला नको. पुढच्या आठवड्यात काका रंगाचा रिकामा पत्र्याचा डबा घेऊन आले. अकरापासून सतरापर्यंतचे सात चौकोन चौकीजवळच्या झऱ्यापासून वर जाणाऱ्या पायवाटेवर एका ओळीत होते. कोरड्या ऋतूत आठवड्यातून एकदा, सात फेऱ्या, चौकोनाला एक डबा. बाकीचे तेहतीस चौकोन लांब होते आणि काकांना पाय दोनच होते.

नियमांचा कागद त्यांना तोंडपाठ होता. चौकोनातलं गवत काढू नये, फांदी तोडू नये, रोपांना हात लावू नये. पाण्याबद्दल अवाक्षर नव्हतं. नियम लिहिणाऱ्याच्या डोक्यात इतका प्रेमळ कर्मचारी आला नसावा.

काकूंना पहिल्याच वर्षी कळलं. सगळीकडे धूळ उडत असताना नवऱ्याची विजार डाव्या पायाला ओलीचिंब होऊन येते, हे कुठल्या बायकोच्या नजरेतून सुटेल?

"अहो, हे काय?"

"डबा जरा गळतो."

"कसला डबा?"

मग सगळं सांगावं लागलं. काकूंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "घरातल्या कुंडीतलं रोप महिनाभर सुकतंय. त्याला बिल्ला लावला तर त्याच्याकडे बघाल का?"

आकडा काकांनी कधी खोटा लिहिला नाही. जिवंत रोपं जितकी होती तितकीच लिहिली. आकडा खरा होता, त्यामागचं जंगल थोडं खोटं होतं.

मग या वर्षीची मोजणी आटोपली आणि डॉक्टरबाई आल्या.

त्यांचा दवाखान्याशी संबंध नव्हता, पण पहिल्याच दिवशी शिपायाने त्यांना आपला गुडघा दाखवून घेतला. पस्तिशीच्या, हडकुळ्या, वेगाने बोलणाऱ्या. जेवतानाही वही उघडी. कचेरीत त्यांनी सगळ्यांना बसवून आपलं काम समजावून सांगितलं. हवा तापते आहे, पाऊस लहरी झाला आहे. कुठलं जंगल आधी कोलमडेल हे वेळेवर कळलं तर मदत तिथे आधी पोचवता येते. त्यासाठी प्रत्येक जंगलाला तीन प्रश्न विचारायचे. तडाखा किती बसणार? बसला तर लागणार किती? आणि लागल्यावर उठून उभं राहायची धमक किती?

"जावई बघताना आम्हीही हेच बघतो," जीपचा ड्रायव्हर म्हणाला.

"तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड," डॉक्टरबाई हसून म्हणाल्या. "मोठी झाडं बघून फसायला होतं. ती दोनशे वर्षांपूर्वीच्या पावसावर पोसलेली आहेत. घरात आजोबा खणखणीत असले म्हणजे घराणं पुढे चालतं असं नाही, पाळण्यात कोण आहे ते बघावं लागतं. म्हणून मला रोपांचे आकडे हवेत. वर्षानुवर्षांचे. बहुतेक ठिकाणी असले आकडे नसतातच."

"आमच्याकडे आहेत," साहेब म्हणाले, आणि कपाटाची किल्ली शोधण्यात अर्धा दिवस गेला.

डॉक्टरबाईंनी एकोणीस वर्षांचे कागद कसर झटकून चार दिवसांत वाचले. पाचव्या दिवशी त्या चौकीवर आल्या आणि काकांसमोर हातच जोडले. "काका, असं काम मी कुठे बघितलेलं नाही. एक खाडाखोड नाही."

काकांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी वाचक भेटला होता. छाती फुगायला हवी होती. ती फुगलीही, पण आत कुठेतरी डबा गळायला लागला होता.

"आणि ते अकरा ते सतरा!" डॉक्टरबाई पुढे म्हणाल्या. "बाकी तेहतीस चौकोनांत दहा रोपांतली दोन जगतात. इथे नऊ, नऊ, नऊ, आठ, आठ, सात! फक्त सतरामध्ये चार. काय आहे हो तिथे?"

"झाडं आहेत," काका म्हणाले.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसा पुढचा पंधरवडा गेला. फरक इतकाच, की या वेळी कळसा स्वतःच वळशाला सोबत म्हणून चालत होता. आधी डॉक्टरबाईंना वाटलं, माती वेगळी असेल. काकांनीच फावडं घेऊन खड्डे खणले, पिशव्या भरल्या, पिशव्यांवर नंबर घातले. माती तीच निघाली. मग वाटलं, सावली जास्त असेल. काकांनी सावली मोजून दिली. सावली तीच. शेवटी चौदाव्या चौकोनात एका दगडावर बसून डॉक्टरबाई स्वतःशीच म्हणाल्या, "इथे खाली कुठेतरी पाणी मुरत असणार."

काका बुटाची नाडी बांधायला खाली वाकले आणि बराच वेळ वर आले नाहीत.

"खडकात भेग असेल. सतरापाशी ती संपत असेल, म्हणून तिथे कमी जगतात. बसतं ना बरोबर?"

"बसवलं तर बसतं," काका म्हणाले.

त्या दिवशी जेवायला बसल्यावर काकूंनी ताट पुढे केलं आणि विचारलं, "सांगितलंत?"

"वेळ कुठे मिळाला?"

"दिवसभर त्या बाईबरोबर होतात."

"अगं, दोन वर्षं राहिलीत निवृत्तीला. एकोणीस वर्षांचं काम, एक खाडाखोड नाही म्हणाली ती. आता सांगू की मी रोपांना चोरून पाणी पाजत होतो? उद्या सगळेच आकडे खोटे म्हणतील. तेहतीस चौकोनांवरही कुणी विश्वास ठेवणार नाही."

काकूंनी यावर लगेच काही म्हटलं नाही, आणि काका घाबरले. काकू बोलल्या की अंदाज करता येतो.

"आणि नाही सांगितलं तर?" त्यांनी शेवटी विचारलं.

"तर काही नाही. कागद जाईल, कपाटात बसेल."

इथे काका त्याच ठिकाणी दुसऱ्यांदा चुकले. शुक्रवारी कचेरीत बैठक होती. भिंतीवर डोंगराचा मोठा नकाशा लावला होता आणि डॉक्टरबाईंनी बाजूला तीन रंगांच्या टाचण्या ठेवल्या होत्या. लाल टाचणी म्हणजे जंगल धोक्यात. तिथे आग अडवायला जाळपट्टे, पाणी अडवायला दगडी बांध, जादा माणसं. पिवळी म्हणजे लक्ष ठेवा. हिरवी म्हणजे चिंता नको, मदत दुसरीकडे वळवा. दहा रोपांतली तीन जगली तर हिरवी.

"सरासरी बरोबर तीन येते," डॉक्टरबाई म्हणाल्या. "त्या सात चौकोनांच्या जोरावर. म्हणून हिरवी."

साहेब खूश झाले. आपल्या हद्दीतलं जंगल धडधाकट निघालं, हे वरच्यांना कळवायला कुणाला आवडणार नाही? "आणि ते बियांचंही सांगा," ते म्हणाले.

डॉक्टरबाईंनी सांगितलं. त्या सात चौकोनांभोवतालच्या मोठ्या झाडांत कदाचित कोरडं सोसायची ताकद असेल. तेव्हा पुढच्या वर्षी त्याच झाडांचं बी गोळा करायचं आणि पलीकडच्या उघड्या डोंगरावर चारशे हेक्टर लावायचं. "भेग आहे की झाडांतच गुण आहे, हे अजून पक्कं नाही. पण रोपं तगतात हे तर डोळ्यांनी दिसतंय."

काका खुर्चीच्या कडेवर बसले होते. चारशे हेक्टर. त्यांच्या डोक्याने आपोआप हिशेब केला. एका हेक्टरमध्ये असले शंभर चौकोन. चाळीस हजार चौकोन, आठवड्याला चाळीस हजार फेऱ्या. आणि उघड्या डोंगरावर झरा नाही. ते सगळं बी उगवणार, वीतभर होणार, दोन पानं काढणार, आणि मग कुणाच्या तरी बाटलीची वाट बघत बसणार.

"काका, सह्या तेवढ्या करा," साहेब म्हणाले. अहवालाला जोडायला प्रत्येक चौकोनाचा एक गोषवारा तयार केला होता आणि त्याखाली मोजणाऱ्याची सही हवी होती. चाळीस कागद.

काकांनी पेन काढलं. एक ते दहा सही केली. मग सात कागद उचलून बाजूला ठेवले. अठरा ते चाळीस सही केली. पेनाला टोपण लावलं.

साहेबांनी गठ्ठा चाळला. "सात राहिले."

"राहिले नाहीत साहेब. ठेवलेत."

"का?"

काकांनी घसा साफ केला. "त्या सात चौकोनांत बाकीच्यांपेक्षा पाणी जास्त पडलंय."

"असं कसं?" डॉक्टरबाई म्हणाल्या. "एकाच डोंगरावर, शंभर मीटरच्या अंतरात? कुठून पडलं?"

"माझ्याकडून."

खोलीत पंख्याचा आवाज ऐकू येऊ लागला. म्हणजे दुरुस्ती झालेली नव्हती. मग काकांनी सगळं सांगितलं, झरा, डबा, अकराव्या चौकोनातलं सातव्या नंबरचं रोप. नजरानजरेचा भाग तेवढा वगळला. ड्रायव्हरला हसू फुटलं, ते त्याने खोकल्यात लपवायचा प्रयत्न केला आणि दोन्ही एकदम आलं. साहेबांचा चेहरा आधी लाल टाचणीसारखा झाला, मग पिवळ्या.

"अकरा वर्षं?" साहेब म्हणाले. "काका, तुम्ही? तुमच्या आकड्यावर आम्ही डोळे मिटून सही करायचो हो!"

"म्हणूनच सांगतोय," काका म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ते सात काढून टाका. तेहतीस खरे आहेत. शपथ घेतो. त्यांत मी थेंब टाकलेला नाही. पण माझं नाव गेल्यावर तेही कुणाला खरे वाटणार नसतील, तर मग माझा इलाज नाही. ते बी मात्र नका लावू. त्या झाडांत काही गुण नाही. गुण डब्याचा होता."

पंधरा दिवस खणलेले खड्डे, मोजलेली सावली आणि खडकातली भेग बहुधा डॉक्टरबाईंच्या डोळ्यांसमोरून जात होती. त्यांच्या कपाळावरची शीर काकांना स्पष्ट दिसत होती.

"मी तुमच्यासमोर बसून भेगेबद्दल बोलत होते," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही नाडी बांधत होता."

"हो."

"खड्डेसुद्धा तुम्हीच खणलेत."

"सहा. प्रत्येकी साठ सेंटिमीटर."

त्यांनी डोळे मिटले, उघडले. मग एकदम पुढे वाकल्या. "किती पाणी घालायचात?"

"डबाभर."

"असं नको. किती लिटर, कधी, किती वेळा? काही आठवतंय?"

आठवायचा प्रश्न नव्हता. रोपांना चोरून पाणी घालणारा माणूस नोंद ठेवत नाही, हा जगाचा नियम आहे. पण तो जगाला लागू. न मोजता पाणी ओतणं काकांच्या हाताला जमलंच नसतं. त्यांनी पिशवीतून एक निळ्या पुठ्ठ्याची वही काढून टेबलावर ठेवली. तारीख, चौकोन, डबे, रोपं. अकरा वर्षं, एकही आठवडा न चुकवता. पाठदुखीचे दोन आठवडे होते, त्यांपुढे 'पाठ' असं लिहिलं होतं.

डॉक्टरबाईंनी पानं उलटली. मग परत पहिल्यापासून उलटली. त्यांच्या तोंडातून जो आवाज आला तो रागाचा की आनंदाचा, हे साहेबांना कळलं नाही, म्हणून त्यांनी दोन्हींसाठी चहा सांगितला.

"साहेब, तेहतीस चौकोन कोरडे, सात चौकोन पाणी घातलेले, आणि पाण्याची नोंद! असा प्रयोग करायला मी परवानगी मागितली असती तर अर्ज अजून तुमच्या टेबलावर असता."

"असता," साहेबांनी प्रामाणिकपणे कबूल केलं.

"डबा किती लिटरचा, काका?"

"बारा. मापाने भरून बघितलाय."

"म्हणजे चौकोनाला बारा लिटर."

काका खाली बघून म्हणाले, "भरताना बारा. डबा गळतो."

"मग पोचल्यावर किती असायचं?"

काकांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. चोरून पाणी घातल्याचं त्यांनी मान वर करून कबूल केलं होतं. हे मात्र त्यांच्याने सांगवेना. "ते मोजलं नाही," ते पुटपुटले.

दुसऱ्या दिवशी सकाळी झऱ्यावर जी वरात जमली तशी त्या जंगलाने बघितली नव्हती. काका डबा घेऊन पुढे, मोजपात्र घेऊन डॉक्टरबाई मागे, त्यांच्यामागे घड्याळ धरून ड्रायव्हर, आणि सगळ्यात मागे टोपी घातलेले साहेब. आपल्या हद्दीत काय चाललंय हे यापुढे प्रत्यक्ष बघायचं असं त्यांनी ठरवलं होतं. तिसऱ्या चढावर त्यांचं ठरलेलं बदललं, आणि ते एका दगडावर बसून देखरेख करू लागले.

पहिली फेरी फुकट गेली. तीन माणसं बघताहेत म्हटल्यावर काका नवरदेवासारखे जपून चालले, आणि वेळ जास्त लागल्याने डबा भलताच गळला.

"काका, नेहमीसारखे चाला."

"नेहमी कसा चालतो हे विसरलो."

"बरं, मला लेकीबद्दल सांगा. कुठे असते ती?"

लेकीचा विषय निघाल्यावर पायांवरचं लक्ष उडालं. ती पुलांचं बांधकाम तपासते, परवाच एका कंत्राटदाराला दोन सेंटिमीटरवरून तिने परत पाठवलं, हे सांगता सांगता काका सरळ सतरापर्यंत चढले. नऊ फेऱ्यांत लेकीचं शिक्षण, नोकरी आणि लग्न आटोपलं, नातवाची उंची दोनदा सांगून झाली, आणि आकडे हाताशी आले. अकरामध्ये बारांतले साडेअकरा लिटर पोचत होते. मग चौकोनागणिक घटत घटत सतरामध्ये उरत होते जेमतेम पाच. बाकीचं पाणी अकरा वर्षं पायवाट आणि काकांची विजार पीत आली होती.

डॉक्टरबाई तिथेच पायवाटेवर मांडी घालून बसल्या आणि वहीत रेघ काढली. आठवड्याला रोपामागे तीन पेले पाणी पोचलं, तर दहांतली नऊ जगत होती. एकच पेला पोचला, तर चार. काहीच नाही, तर दोन. "भेग इथे आहे," त्या रेघेवर बोट ठेवून म्हणाल्या. "तीन पेल्यांच्या आणि एका पेल्याच्या मध्ये. इतक्याशा फटीत हे सगळं जंगल उभं आहे. कोरडा ऋतू अजून तीन आठवडे लांबला, की पाळणा रिकामा."

नकाशावर टाचणी लाल लागली. जाळपट्टे आणि बांध मंजूर झाले. चारशे हेक्टरची योजना थांबली नाही, पण तिची जागा बदलली. आता बी फक्त ओढ्याकाठच्या ओलसर घळींत जाणार होतं. आपलं धडधाकट जंगल एका डब्यापायी आजारी ठरलं, याचं साहेबांना थोडं वाईट वाटलं. पण आजाऱ्याला मदत मिळते हे लक्षात आल्यावर त्यांनी तो आजार वरपर्यंत उत्साहाने कळवला.

काकांना समजपत्र मिळालं. सेवेच्या पुस्तकात नोंद झाली. 'शासकीय रोपांना अकरा वर्षे अनधिकृतपणे पाणी पाजल्याबद्दल सक्त समज देण्यात येत आहे.' काकांनी पत्र दोनदा वाचलं आणि परत साहेबांच्या खोलीत गेले.

"काय झालं? नोंद काढता येणार नाही हं काका."

"नोंद राहू द्या. अकरा वर्षे चूक आहे. दहा वर्षे अकरा महिने."

साहेबांनी पत्र बदलून दिलं. त्या पत्राची एक प्रत डॉक्टरबाईंनी मागून घेतली आणि अहवालाला जोडली. अहवालावर काकांचं नाव दुसऱ्या क्रमांकाला होतं. काकूंनी ते पान बघितलं आणि विचारलं, पहिल्या क्रमांकाला किती अंतर कमी पडलं.

हे झालं त्याला किंमत होती, आणि ती रोपांना द्यायची होती. सातांपैकी तीन चौकोनांचं पाणी बंद करायचं, असं डॉक्टरबाईंनी ठरवलं. लहानपणी पाणी मिळालेलं रोप पुढे स्वतःच्या मुळांवर तगतं का, हे समजायला दुसरा मार्ग नव्हता. ड्रायव्हरने चिठ्ठ्या काढल्या. बारा, तेरा, सोळा. उरलेल्या चारांना पाणी चालू राहणार होतं, न गळणाऱ्या नव्या डब्यातून, ठरलेल्या मापाने. पाणी घालायला काकूंची रीतसर नेमणूक झाली. "काका, तुमच्यावर विश्वास आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, "पण तुमच्या हातावर नाही."

पुढचा कोरडा ऋतू नेहमीपेक्षा कडक गेला. आठवड्यामागून आठवडे काकू डबा घेऊन पुढे आणि काका कागद घेऊन मागे. काकूंचा डबा काकांपेक्षा लवकर पोचायचा, यावर काकांनी भाष्य केलं नाही. बारा आणि तेरापाशी आले की काका पायवाटेच्या दुसऱ्या बाजूला बघत चालायचे.

"असं बघितलंत म्हणून ती काही लाजणार नाहीत," काकू म्हणायच्या.

"ती नाही. मी."

मोजणीचा दिवस उजाडला. अकरामध्ये सगळं ठीक होतं. बारामध्ये अर्धी राहिली होती, काकांनी काही न बोलता लिहून टाकलं. तेराव्या चौकोनाच्या खुंटीपाशी ते थांबले. गेल्या वर्षी इथे अठरा जिवंत होती. काकू डबा खाली ठेवून दगडावर टेकल्या. काका आत गेले. वाकले, बिल्ला उलटला, नंबर वाचला, लिहिलं. पुढे सरकले. वीतभर उंचीची सात रोपं वाळून काड्या झाली होती. सात वेळा त्यांनी तो शब्द लिहिला, आणि दर वेळी अक्षर तितकंच नीट काढलं. मग ते कमरेएवढ्या रोपांकडे गेले, पहिल्या पहिल्या डब्यांवर वाढलेल्या. तिथे ते जरा जास्तच वेळ रेंगाळले. एकदा या टोकाकडून मोजलं, मग त्या टोकाकडून, मग कोपऱ्यातून तिरकं.

"किती वेळा मोजणार?" काकूंनी बाहेरून हाक दिली. "रांगत नाहीत ती."

"अकरा," काका म्हणाले.

"अकरा काय?"

"जिवंत. मोठी सगळी. एक पेला नाही मिळाला त्यांना या वर्षी." काकांनी एका रोपाचं पान दोन बोटांत धरलं, मग नियम आठवून सोडलं. "आपली आपण उभी आहेत."

काकू उठल्या, खुंटीपाशी आल्या आणि आत डोकावून बघितलं. ऋतूभर पाणी घालूनही त्यांनी आजवर या चौकोनांत कधी नीट बघितलं नव्हतं. "मग आता तोंड का पाडलंय?"

"सात गेली."

"सात गेली," काकू म्हणाल्या. "लिहिलंत ना?"

"लिहिलं."

"मग चला. चौदाचा डबा उन्हात तापतोय, आणि ती चौदाची लाडावलेली आहेत. त्यांना गार लागतं."